१९३५ : एक मुकुट आणि अर्धा गुण

पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटेच दिवस सुरू होतो. जुन्नर, खेड, पुरंदरकडून आलेला भाजीपाला गाळ्यांसमोर उतरतो, हमाल थप्पी लावतात, तोलणार वजन करतो, आडत्या बोली पुकारतो आणि ठरलेला भाव शेतकऱ्याच्या पट्टीवर लिहिला जातो. या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तिच्यामागील तत्त्व महत्त्वाचे आहे. वजन सर्वांना एकच, बोली उघड आणि व्यवहाराची नोंद कागदावर. नियंत्रित बाजारपेठा अस्तित्वात येण्यापूर्वी कित्येक ठिकाणी मालाचा भाव उपरण्याखाली बोटे दाबून ठरत असे आणि पायलीचे माप गावागणिक बदलत असे. माल कितीही उत्तम असला तरी त्याचे मोल कोणाच्या तरी मर्जीवर राही.

मालाला जे लागू, ते बऱ्याच अंशी माणसाच्या गुणांनाही लागू आहे. गुण अंगी असणे ही एक गोष्ट. त्या गुणाचे मोल ठरविणारी उघड, नियमित आणि सर्वांना खुली व्यवस्था असणे ही दुसरी. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या बुद्धिबळाच्या इतिहासात १९३५ हे वर्ष हा भेद जितक्या स्पष्टपणे दाखविते, तितका तो अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही क्वचितच आढळेल.

शाळामास्तर जगज्जेता

३ ऑक्टोबर १९३५ रोजी हॉलंडमध्ये जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. एका बाजूला अलेक्झांडर अलेखाइन. कापाब्लांकासारख्या खेळाडूला १९२७ साली नमवून त्याने मुकुट मिळविला होता आणि बुद्धिबळ हाच त्याचा व्यवसाय होता. दुसऱ्या बाजूला डॉ. मॅक्स यूवे. ॲमस्टरडॅममधील मुलींच्या शाळेत गणित शिकविणारा हा शिक्षक, नोकरी सांभाळून खेळणारा हौशी खेळाडू. पहिल्या सात डावांतच अलेखाइनने तीन गुणांची आघाडी घेतली, तेव्हा निकालाविषयी फारशी शंका कोणाला उरली नसावी. पण यूवे खचला नाही. नेमस्त दिनचर्या आणि कसून केलेली तयारी यांच्या बळावर त्याने ती आघाडी भरून काढली. १५ डिसेंबर रोजी तिसावा डाव बरोबरीत सुटला आणि साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा गुणांनी एक शाळामास्तर जगज्जेता झाला.

हा विजय यूवेच्या बुद्धीचा होता यात संशय नाही. परंतु तो केवळ त्याच्या बुद्धीचा नव्हता. त्या काळी जगज्जेतेपदाचा सामना ही जवळजवळ खासगी बाब होती. १९२२ च्या ‘लंडन नियमां’नुसार थैली दहा हजार डॉलरची नसेल तर सामना खेळण्याचे बंधन जगज्जेत्यावर नव्हते. कोणा शाळामास्तरास ही रक्कम पगारातून उभी करता येणे शक्य नव्हते. हॉलंडमध्ये त्यासाठी समिती स्थापन झाली आणि सामना एका शहरात न ठेवता अनेक शहरांतून फिरविण्यात आला. त्या देशाची बुद्धिबळ संघटना १८७३ पासून अस्तित्वात होती. गावोगावचे क्लब, नियमाने होणाऱ्या स्पर्धा आणि डाव छापणारी वृत्तपत्रे यांचे साठ वर्षांचे संचित यूवेच्या पाठीशी उभे होते.

इकडे हिंदुस्थानात

त्याच १९३५ साली हिंदुस्थानातही एक सामना झाला. मीर सुलतान खान विरुद्ध वि. का. खाडिलकर. दहा डावांपैकी नऊ सुलतान खानने जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. साडेनऊ विरुद्ध अर्धा. या सामन्यासाठी ना समिती बसली, ना तो शहराशहरांतून फिरला. संदर्भग्रंथांत त्याची नोंद एका ओळीत आटोपते.

सुलतान खान हा कोणी सामान्य खेळाडू नव्हता. पंजाबातील मिठा टिवाणा गावच्या या माणसाला सर उमर हयात खान या जहागीरदाराचा आश्रय मिळाला आणि १९२९ साली त्यांच्याबरोबर तो लंडनला गेला. त्याच वर्षी त्याने ब्रिटिश अजिंक्यपद पटकाविले. पुढे १९३२ आणि १९३३ साली पुन्हा तोच मान मिळविला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने खुद्द कापाब्लांकाला हरविले. हॅम्बुर्ग, प्राग आणि फोकस्टन येथील ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर हा हिंदी माणूस बसत असे.

त्याच्या यशाचे मोल जाणावयाचे तर दोन खेळांतील अंतर ध्यानात घेतले पाहिजे. तो लहानपणी शिकला तो देशी बुद्धिबळ. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर पुढे सरकते, किल्लेकोट नसतो, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल खेळण्याची मुभा असते. प्यादे शेवटच्या घरात पोचल्यावर त्याचे काय व्हावे, याचेही नियम वेगळे, आणि तेही प्रांतागणिक बदलणारे. अशा खेळात डाव संथपणे उभा राहतो. सुरुवातीच्या खेळ्यांचे शास्त्र तयार होत नाही. युरोपात मात्र हेच शास्त्र ग्रंथबद्ध झाले होते. म्हणून सुलतान खान बहुतेक डावांत सुरुवातीस मागे पडे आणि डावाच्या उत्तरार्धात आपल्या असामान्य जाणिवेने ती पिछाडी भरून काढी. गावच्या पायलीवर वाढलेल्या माणसाने परक्यांच्या तराजूवर स्वतःला सिद्ध करावे, असा हा प्रकार होता.

पण १९३३ च्या अखेरीस आश्रयदाते मायदेशी परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतला. त्याची युरोपातील कारकीर्द तेथेच संपली. १९३५ च्या त्या सामन्यानंतर स्पर्धात्मक बुद्धिबळाच्या इतिहासातून तो जवळजवळ नाहीसाच होतो.

आश्रय आणि संस्था

येथे उमर हयात खानांना दोष देणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य ठरणार नाही. त्यांनी नेले नसते तर सुलतान खानचे नाव युरोपास कळलेच नसते. दोष आश्रयदात्याच्या मनाचा नव्हे, आश्रय या पद्धतीचा आहे. आश्रय एका माणसाला उचलतो. त्याच्या मागून येणाऱ्यासाठी पायरी ठेवीत नाही. आश्रयदात्याचा मुक्काम हलला की गुणाचाही मुक्काम हलतो.

आणि खाडिलकरांचे काय? नऊ पराभवांची नोंद असलेल्या खेळाडूकडे इतिहास सहसा पाहत नाही. परंतु पराभवातून शिकण्यासाठी पुढला डाव मिळावा लागतो, त्याच्या पुढलाही मिळावा लागतो. यूवेही अलेखाइनकडून डावांमागून डाव हरला होता. त्याला सुधारण्यास अवसर देणारी स्पर्धांची साखळी युरोपात होती. हिंदुस्थानात १९३५ साली देशभर मान्यता असलेली संघटनाच नव्हती. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ निघाला तो १९५१ साली. त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली एलुरू येथे झाली. तीत आंध्रचे वेंकय्या आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. सप्रे यांना जी पायरी मिळाली, ती खाडिलकरांच्या वेळी घडविलेलीच नव्हती.

महाराष्ट्रात ही पायरी घडविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत सांगलीचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. भाऊसाहेब पडसलगीकर आणि तेथील नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी वर्षानुवर्षे स्पर्धा भरविल्या. अशा कामाला टाळ्या पडत नाहीत. पण खेळाडू त्यातूनच तयार होतात.

उशिरा झालेला हिशेब

जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९५० साली प्रथमच ‘ग्रँडमास्टर’ ही पदवी २७ खेळाडूंना दिली. त्यांत यूवे होता, सुलतान खान नव्हता. १९६६ साली पाकिस्तानात तो निवर्तला. महासंघाने त्याला मानद ग्रँडमास्टर ठरविले ते २०२४ साली, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी. मालाची पट्टी शेतकरी गेल्यावर त्याच्या वारसांच्या हाती पडावी, तसेच हे झाले.

उलट, यूवेचा एक निर्णय महाराष्ट्राच्या कामी आला, हा योगायोग विसरण्याजोगा नाही. १९७६ साली मुंबईची १३ वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा तिच्या सहभागावरून वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या वेळी जागतिक महासंघाच्या अध्यक्षपदी डॉ. यूवेच होते. स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. १९८१ साली रोहिणी आशियाची महिला विजेती झाली. मुलींच्या शाळेत गणित शिकविलेल्या मास्तरांनी दिलेला हा निर्वाळा कोणा एकीवर केलेला अनुग्रह नव्हता. तो नियम होता, म्हणूनच तो तिच्या मागून येणाऱ्या प्रत्येक मुलीचा झाला.

त्यानंतरचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. १९८८ साली विश्वनाथन आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. महाराष्ट्राचे प्रवीण ठिपसे १९९७ साली आणि पुण्याचा अभिजित कुंटे २००० साली त्या पदास पोचले. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टरपद मिळविले, तेव्हा ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. शून्यावरून अठ्ठ्याऐंशीवर जाणे हे काही देशाची बुद्धी एकाएकी वाढल्याचे लक्षण नव्हे. बुद्धी १९३५ सालीही होतीच. तिला उघड बाजार मिळाला नव्हता.

तथापि समाधान मानून थांबावे अशी स्थिती अद्याप आलेली नाही. शिडीच्या वरच्या पायऱ्या आता भक्कम आहेत. खालच्या पायऱ्या मात्र आजही बव्हंशी घरच्या पैशावर उभ्या आहेत. प्रवेशशुल्क, परगावचा प्रवास, प्रशिक्षकाचे मानधन हा खर्च पेलणाऱ्या घरातील मूल पुढे जाते. जहागीरदाराची जागा पालकांच्या खिशाने घेतली, एवढाच फरक काही बाबतींत झाला आहे. मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्या हमालाच्या मुलीला पालिकेच्या शाळेत पट, घड्याळ आणि वर्षभर नेमाने होणारी विनाशुल्क स्पर्धा मिळाली, तर ती जगज्जेती होईलच असे नाही. पण तिच्या गुणाचे वजन उघड्या तराजूवर होईल आणि त्याची नोंद राहील. १९३५ साली अर्ध्या गुणावर थांबलेला हिशेब पुरा करावयाचा, तर त्याची सुरुवात तेथूनच करावी लागेल.