केळीच्या पट्टीला बाहेरची वाट

भोपाळच्या अरेरा कॉलनीत, दहा नंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत, भाचीच्या घरी रात्रीचे साडेनऊ वाजलेत. जेवणाचं टेबल पुसून तिने लॅपटॉप मांडलाय आणि फोन स्पीकरवर ठेवलाय. पलीकडे बऱ्हाणपूरच्या एका केळी व्यापाऱ्याचे मुनीमजी आहेत. पेढीचा हिशेब आजवर तिथल्याच एका कॉम्प्युटरवर असायचा. आता तो नवी मुंबईत, महापे इथल्या व्हर्च्युअल डेटा सेंटरमध्ये हलवलाय. रावेरकडच्या शेतकऱ्याला आपल्या मालाचं वजन, भाव आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मोबाइलवर दिसावी, एवढीच त्यांची मागणी.

तिथे यांचं स्वतःचं यंत्र नाही. मोठमोठ्या सर्व्हरांमधल्या प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कचा ठरावीक वाटा भाड्याने घेतलाय आणि त्यात दोन मशीन चालतात, एक वेबचं, एक डेटाबेसचं. दोन्ही सुरू आहेत, पण बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध नाही.

“मामा, हे बघा,” म्हणत ती वेब मशीनवरून बाहेरच्या एका पत्त्याला पिंग करते. एकामागून एक ओळ उमटते, उत्तर एकालाही नाही.

कारण पत्त्यात आहे. वेब मशीनचा पत्ता १९२.१६८.१०.११. असे खासगी पत्ते १९९६च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने कुणालाही आपल्या आवारात वापरायला मोकळे ठेवलेत. आपल्या कॉलनीतही एकाच नंबरचं घर ई-२ मध्ये असतं आणि ई-७ मध्येही. सेक्टर न लिहिता नुसता घरनंबर दिला तर कुरिअरवाला कुठे जाणार? आयपीव्ही४चे एकूण पत्तेच साधारण ४२९ कोटी, जगभर एकमेव असणारे त्याहून कमी. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. त्यामुळे डेटा सेंटरच्या सेवादात्याने हात राखून आठच पत्त्यांचा तुकडा दिलाय. खरे आकडे इथे छापणं बरं नाही. उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातले लिहितो, २०३.०.११३.८ ते १५. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, एक सेवादात्याच्या राउटरचा. हाती उरले पाच.

बाहेरचं नेटवर्क सेवादात्याने आधीच जोडून दिलंय. त्याच्या आणि आतल्या मशीनांच्या मध्ये एज गेटवे आहे, आणि आजचं सगळं काम तिथलंच. वेबचं नेटवर्क ती गेटवेला ‘राउटेड’ म्हणून जोडते. मग एसनॅटचा नियम लिहिते: आतून निघणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर खासगी पत्त्याच्या जागी २०३.०.११३.१० लागेल, उत्तर तिथे येईल आणि गेटवे ते योग्य मशीनकडे वळवेल. फायरवॉलमध्ये बाहेर जाण्याची परवानगी, तीही नावानिशी: नाव शोधण्यासाठी डीएनएस, अपडेटसाठी ४४३, घड्याळ जुळवण्यासाठी १२३. घड्याळाबद्दल ती फार काटेकोर आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशानुसार घड्याळं नेमून दिलेल्या वेळेशी जुळलेली हवीत आणि नोंदी १८० दिवस जपायला हव्यात.

पिंगला तात्पुरती परवानगी देते. उत्तरं यायला लागतात. “चला, आतून बाहेर झालं,” म्हणते आणि तो नियम लगेच काढून टाकते.

आता बाहेरून आत. डीनॅट: २०३.०.११३.११ वर ४४३ने जो येईल, त्याला १९२.१६८.१०.११ कडे पाठवायचं. फायरवॉलचा नियमही लिहून होतो. मोबाइलचं वायफाय बंद करून ती सिमच्या डेटावर पान उघडते, म्हणजे खऱ्या अर्थाने बाहेरून. चक्र फिरत राहतं. पान येत नाही.

मुनीमजी विचारतात, “दीदी, हो गया क्या?”

“दो मिनट, मुनीमजी.”

ती वेब मशीनवर येणारी पॅकेटं दाखवणारं टीसीपीडम्प लावते आणि पुन्हा मोबाइलवर बोट ठेवते. एकही पॅकेट आत पोचत नाही. म्हणजे मशीन निर्दोष, अडवणूक गेटवेवरच. तिची नजर डीनॅटच्या एका बारीक रकान्यावर थांबते, ‘फायरवॉल मॅच’. तिथे ‘इंटर्नल अॅड्रेस’ आहे, आणि फायरवॉलच्या नियमात तिने बाहेरचा पत्ता लिहिलाय. जुन्या एज गेटवेवर तसंच लिहायचे. इथे फायरवॉल आतला पत्ता बघते. एक रकाना बदलला, आणि पडद्यावर ओळी भराभर वाहू लागतात. मोबाइलवर लॉगिनचं पान उघडतं, मुनीमजींकडेही. ते मोठ्याने पट्टी वाचून दाखवतात, वजनासकट.

लगेच दुसरी मागणी येते: पेढीवरून डेटाबेसही थेट उघडून द्या, रिपोर्ट काढायला सोपं पडेल. ती सरळ नाही म्हणते. डेटाबेस वेगळ्या नेटवर्कमध्ये आहे. त्याला डीनॅट नाही आणि मिळणारही नाही. मला तिचा हा हट्ट फार मोलाचा वाटतो. जोडणी करणारे पुष्कळ असतात. गिऱ्हाईक घाईत असताना एखादं दार बंदच ठेवणारे थोडे. त्या डेटाबेसात शेकडो शेतकऱ्यांचे बँक खातेक्रमांक आहेत.

ती वेब सर्व्हरची नोंदवही उघडून दाखवते. दार उघडून अजून अर्धा तासही झाला नाही, तर अनोळखी पत्त्यांवरून ‘डब्ल्यूपी-लॉगिन’ची विचारणा आली आहे. या मशीनवर वर्डप्रेस मुळी नाहीच. कुणी यांना ओळखून आलेलं नाही. दिसेल तो पत्ता चाचपणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. डेटाबेसचं पोर्ट उघडं असतं तर त्यावरही हेच पाहुणे आले असते.

“मुनीमजी, रिपोर्ट के लिए व्हीपीएन बना दूँगी,” ती म्हणते. “पेढी के किन लोगों को देना है, नाम सुबह भेज दीजिए. सबको नहीं मिलेगा.”

मुनीमजी तिथल्या तिथे नावं सांगायला लागतात. ती तिसऱ्याच नावाला त्यांना थांबवते आणि विचारते, हे नक्की काय काम करतात?