वयाच्या नावावर खपलेली गुंगी

अमेरिकेतील सॅक्रामेंटो शहरात डोरोथिया प्युएन्टे ही पांढऱ्या केसांची, आजीसारखी दिसणारी बाई घरातील खोल्या भाड्याने देत असे. निराधार वृद्ध, मनोरुग्ण, व्यसनाने खंगलेली माणसे तिच्याकडे राहत. समाजसेवकांचाही तिच्यावर विश्वास होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये एका बेपत्ता भाडेकरूचा शोध घेताना पोलिसांनी तिच्या घराची बाग खणली. तेथे सात मृतदेह सापडले.

हेतू पैशाचा होता. भाडेकरूंना सरकारकडून दरमहा मिळणारे धनादेश ती वटवत असे. माणूस कागदोपत्री जिवंत असेपर्यंतच ते येणार, म्हणून मृत्यू लपवणे तिला भाग होते.

सातही मृतदेहांत फ्लुराझेपाम हे झोपेचे औषध आढळले. यकृतात त्याचे रूपांतर ज्या घटकात होते, तो शरीरातून निम्मा होण्यासच दोन ते चार दिवस लागतात; वृद्धांत त्याहूनही अधिक. रोज गोळी दिली की आधीची उतरण्यापूर्वीच पुढची भर पडते. मग दिवसाही गुंगी, तोल जाणे, जीभ जड होणे, विसरणे, बरळणे सुरू होते. एकट्या या औषधाने मृत्यू क्वचितच होतो. पण दारू किंवा अफूवर्गीय वेदनाशामकाची जोड मिळाली, तर श्वास मंदावून थांबू शकतो.

न्यायालयात अडचण आली ती इथेच. मृतदेह कुजलेले होते. शरीरात औषध सापडले, एवढ्यावरून मृत्यू त्यानेच झाला हे सिद्ध होत नाही. नऊ खुनांचे आरोप होते. १९९३ मध्ये तीनच सिद्ध झाले. तिला जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये ती तुरुंगातच मरण पावली. वृद्धांना गुंगीचे औषध देऊन लुबाडल्याबद्दल १९८२ मध्येही तिला शिक्षा झाली होती. तरीही सुटल्यावर तिच्या घरी वृद्ध राहायला येतच राहिले.

अशी क्रूरता विरळा. पण गुंगीचे औषध आणि ‘आता वय झालं’ हे वाक्य, ही जोडी आपल्याही घरांत दिसते. कधी दोन डॉक्टरांनी एकाच वर्गातील गोळ्या दिलेल्या असतात, तर कधी रात्री शांतता हवी म्हणून सांभाळणारी व्यक्ती एखादी गोळी जास्त देते.

चार-आठ दिवसांत आजी-आजोबा अचानक सुस्त झाले, बरळू लागले किंवा पडू लागले, तर ते वय नव्हे. वय एका आठवड्यात वाढत नाही. संसर्ग, रक्तातील साखर व सोडियम तपासून घ्यावे आणि सगळी औषधे पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवावीत. पाकिटातील उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. बरेच दिवस सुरू असलेली झोपेची गोळी मात्र एकदम बंद करू नये. त्याने झटके येऊ शकतात.

गोळ्यांचा डबा आणि बँकेचे पासबुक शक्यतो एकाच हाती देऊ नये. आपल्याकडे पेन्शनधारकाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो हिशेब पेन्शन खात्यासाठी असतो. घरच्यांनी मात्र दर आठवड्याला समोर बसून दोन शब्द बोलावेत. काही संशयास्पद वाटल्यास ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी आहे.