बियाण्याची पिशवी आणि त्रयस्थ कंपनी

जालना म्हणजे बियाण्यांचं शहर. पण इथला शेतकरी पिशवी घेतो ती कृषी सेवा केंद्रातून. पावतीवर वाण, लॉट नंबर आणि सही दुकानदाराची. उगवण फसली तर करार दुकानदाराशी, कंपनी त्रयस्थ! १८७२च्या करार कायद्यात मोबदला तिसऱ्यानं दिला तरी चालतो. मात्र कराराबाहेरच्याला, काही अपवाद सोडले तर, दावा लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये चाको खटल्यात स्पष्ट केलं. हा नियम नसेल तर कोणीही उठून दावा ठोकेल, ही भीती रास्तच. पण पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का छापणारी कंपनी शब्द देते तो पेरणाऱ्यालाच, दुकानाच्या फळीला नव्हे. २०१२ मध्ये मधुसूदन रेड्डी प्रकरणात न्यायालयानं शेतकऱ्याला ग्राहक मानलं. २०१९च्या ग्राहक कायद्यानं तर सदोष मालाची जबाबदारी थेट उत्पादकावर टाकली. तिथे कराराची आडकाठी नाही. लागतो तो पुरावा. म्हणूनच पावती, टॅग आणि मूठभर बियाण्यासह ती पिशवी काढणीपर्यंत जपून ठेवावी.