अणूचे बदलते चित्र

दगडी कोळसा आणि लोहखनिज यांमुळे चंद्रपूर-गडचिरोलीचे नाव देशभर पोहोचले. परंतु कोळशाचा तुकडा फोडत गेल्यास अखेरीस काय उरेल? हा प्रश्न पुरातन आहे. आपल्याकडे वैशेषिकांनी आणि बौद्ध आभिधर्मिकांनी परमाणूची कल्पना मांडली. आचार्य वसुबंधूंनी ‘विंशतिका’ ग्रंथात तिच्यावर आक्षेप घेतला: एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू जोडले गेले, तर त्याला सहा बाजू असणार, मग बाजू असलेली वस्तू अविभाज्य कशी?

हा वाद तर्काचा होता. त्यात तराजू आणला तो १८०८ साली ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या जॉन डाल्टनने. आजच्या मोजमापाने सांगायचे, तर कोळशातील १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जळताना ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. बंद खोलीतील शेगडीला हवा अपुरी पडली, की तेवढाच कार्बन १६ ग्रॅम ऑक्सिजनशी जोडला जाऊन जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड बनतो. प्रमाण नेमके दुप्पट. मधले कोणतेही नाही. पदार्थ अखंड कणांच्या रूपानेच संयोग पावतात, हा निष्कर्ष अशा प्रमाणांतून निघाला. डाल्टनचा अणू म्हणजे भरीव, अभेद्य गोळी.

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि ती गोळी अभेद्य राहिली नाही. टरबुजाच्या गरात बिया असाव्यात तसे धनभारात इलेक्ट्रॉन रुतलेले असतात, असे त्यांनी १९०४ मध्ये मांडले. त्यांचेच विद्यार्थी रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. बहुतेक कण आरपार गेले. हजारोंतील एखादा मात्र उलट फिरला. अणू बहुतांशी पोकळ असून त्याचे जवळजवळ सारे वस्तुमान सूक्ष्म केंद्रकात असते, असे रदरफर्ड यांनी १९११ मध्ये सांगितले. कार्बनचा अणू एक किलोमीटर रुंदीचे जंगल मानला, तर केंद्रक त्यातील एका आवळ्याएवढे ठरेल.

मात्र फिरणारे इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रकात का कोसळत नाहीत? रदरफर्ड यांच्याकडे काम केलेल्या नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ठरावीक ऊर्जेच्या कक्षा कल्पून उत्तर दिले. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांच्या समीकरणाने त्या कक्षांच्या रेषाही पुसल्या; उरली ती इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता. १९३२ मध्ये चॅडविक यांनी केंद्रकातील न्यूट्रॉन शोधला. त्याच न्यूट्रॉनच्या बळावर ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली.

पहिल्या पिढीत शिकणारी मुले आम्हाला विचारतात, ‘जुनी चित्रे चुकीची ठरली, तर ती शिकायची कशाला?’ आमचे उत्तर असे: प्रत्येक नव्या चित्राने आधीच्याला न सुटलेला प्रश्न सोडवला आणि त्यातले खरे तेवढे जपले. डाल्टनची प्रमाणे आजही कायम आहेत. शिष्याने गुरूचे चित्र बदलले, म्हणून थॉमसन यांची थोरवी घटली नाही.

ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्यांच्या लेकरांनी हा इतिहास अवश्य वाचावा. पालकांना आमची एवढीच विनंती, की घरी मुलाने ‘कशावरून?’ असे विचारले, तर त्याला गप्प करू नका.