चिठ्ठी आधी उचलावी की नंतर?

संभाव्यता हा गणिताचा प्रांत, आणि माझी हयात मराठी साहित्य शिकविण्यात गेली. तरीही या स्मृतिव्याख्यानासाठी मी तो विषय निवडला, कारण त्यात न्यायाचा एक प्रश्न दडलेला आहे. सोडतीत शेवटी चिठ्ठी उचलणाऱ्यावर अन्याय होतो काय?

पत्त्यांपासून आरंभ करू. ५२ पानांत चार एक्के असतात. पहिले पान एक्का निघण्याची संभाव्यता ४/५२, म्हणजे १/१३. ते परत न ठेवता दुसरे ओढले, तर उरलेल्या ५१ पानांत तीनच एक्के राहतात. म्हणून दोन्ही पाने एक्के निघण्याची संभाव्यता ४/५२ × ३/५१, म्हणजे १/२२१. पहिले पान परत ठेवून पुन्हा पिसले असते, तर ती १/१६९ झाली असती.

आपल्या बेळगावाहून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी लागते. तेथील दशावतारी गंजिफेलाही हाच नियम लागू पडतो. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने आणि त्यांत दहा राजे. लागोपाठ दोन राजे निघण्याची संभाव्यता १०/१२० × ९/११९, म्हणजे ३/४७६.

आता समजा, बावन्न पानांतील पहिले पान कोणी न पाहता पालथेच बाजूला ठेवले. दुसरे पान एक्का असण्याची संभाव्यता किती? पहिले एक्का असल्यास ४/५२ × ३/५१ आणि नसल्यास ४८/५२ × ४/५१. दोहोंची बेरीज २०४/२६५२, म्हणजे पुन्हा १/१३. पान गेले, पण त्याची ओळख पटली नाही, म्हणून आपला अंदाज बदलला नाही.

सोडतीचेही असेच आहे. जागा एक, मुले दहा, चिठ्ठ्या दहा. पहिल्याची संधी १/१०. शेवटच्याला जागा मिळण्यासाठी आधीच्या नऊही चिठ्ठ्या कोऱ्या निघाव्या लागतात. त्याची संभाव्यता ९/१० × ८/९ × ७/८ असे करीत शेवटी १/२ पर्यंत गुणत गेल्यास मधले सारे आकडे छेदले जातात आणि १/१० उरते. मधेच एखादी चिठ्ठी उघडली, तर उरलेल्यांची आशा वाढते किंवा मावळते. परंतु आरंभी सर्वांना मिळालेली संधी समानच असते.

म्हणून रांगेतील क्रमांकावरून वाद घालू नये. चिठ्ठ्यांची घडी सारखी आहे काय, त्या सर्वांसमोर मोजून नीट मिसळल्या आहेत काय, हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे.