आकाशांतील क्लोरीनची मोजदाद

भूपृष्ठापासून सुमारें १५ ते ५० किलोमीटर उंचीवरील स्थितांबरांत ओझोन वायु असतो व तो सूर्याचे घातक अतिनील किरण अडवितो, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. पुण्याच्या वेधशाळेंत हा ओझोन डॉबसन यांच्या वर्णपटमापकानें मोजीत असत. उष्ण प्रदेशांवर तो उंचीनुसार कसा विभागलेला असतो, याविषयीं रामनाथन व करंदीकर यांचा निबंध १९४९ सालीं प्रसिद्ध झाला.

पुढें १९७४ सालीं मोलिना व रोलंड यांनीं एक भयसूचना दिली. रेफ्रिजरेटरांत वापरला जाणारा क्लोरोफ्लुओरोकार्बन वायु खालच्या हवेंत नाश पावत नाहीं. आपल्या भिवंडीसारख्या उष्ण कटिबंधांतून वर चढणाऱ्या हवेबरोबर तो स्थितांबरांत जातो; तेथें अतिनील किरणांनीं फुटून क्लोरीन मोकळा होतो आणि ओझोन खाऊं लागतो. १९८५ सालीं दक्षिण ध्रुवप्रदेशावर ओझोनची मोठी तूट आढळल्याचें जाहीर झालें; १९८७ सालीं माँट्रियलचा करार झाला, व १९९२ सालीं भारतही त्यांत आला.

परंतु कराराचा उपयोग झाला कीं नाहीं, हें कसें ओळखावें? नुसता ओझोन मोजून भागत नाहीं. ज्या वर्षीं ध्रुवावर थंडी कमी, त्या वर्षीं हानिही कमी. तेव्हां चोरीचा माल मोजण्याऐवजीं चोरच मोजले पाहिजेत! आणि हा चोर तर बहुरूपी. कधीं क्लोरीन मोनॉक्साइड, कधीं क्लोरीन नायट्रेट.

१५ जुलै २००४ रोजीं अमेरिकेनें सोडलेल्या ‘औरा’ उपग्रहावरील एका उपकरणानें हें काम साधलें. प्रत्येक वायूचे रेणु आपापल्या ठराविक लांबीच्या लहरी सोडीत असतात. हायड्रोजन क्लोराइडची अशी एक लहर सुमारें अर्धा मिलिमीटर लांबीची आहे. ७०५ किलोमीटर उंचीवरून वातावरणाच्या कडेकडे रोखून तें उपकरण या लहरी टिपी. त्यास सूर्यप्रकाशाची गरज नसल्यामुळें ध्रुवाच्या दीर्घ रात्रींतही त्याचें काम चाले.

या मापांवरून स्ट्राहान व डग्लस या विदुषींनीं जी युक्ति योजिली, ती आम्हांस फार आवडली. हिंवाळ्याच्या अखेरीस तेथील ओझोन जवळजवळ संपला कीं बहुतेक सर्व क्लोरीन हायड्रोजन क्लोराइडच्या एकाच रूपांत येऊन बसतो. नेमका तोच काळ त्यांनीं मोजणीस निवडला. दरसाल निराळी हवा तेथें येते, म्हणून नायट्रस ऑक्साइडचें प्रमाण पाहून त्यांनीं तुलना सारखी केली. २०१८ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा: क्लोरीन दरसाल सुमारें ०·८ टक्क्यानें घटत होता, आणि २०१६ च्या हिंवाळ्यांत ओझोनची हानि २००५ पेक्षां सुमारें २० टक्के कमी होती.

घट इतकी सावकाश कां? या वायूंपैकीं एकाचें आयुष्य सुमारें शंभर वर्षांचें आहे. भंगारांत फोडलेल्या एखाद्या जुन्या रेफ्रिजरेटरांतून तो सुटला, तर आज शाळेंत असलेल्या मुलांच्या नातवंडांच्या वेळींही त्याचा बराच भाग हवेंत असेल.