खडकीतले वामन

पाणचक्कीच्या हौदाशेजारचा वड तुम्ही पाहिला असेलच. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला चक्की दाखवतो, हौदातले मासे दाखवतो, हर्सूलकडच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी कसं आणलं ते सांगतो. पाहुणा मात्र मान वर करून वडाकडे बघत राहतो. तिथून निघाल्यावर शहरातला एखादा जुना दरवाजा नाहीतर तटबंदीचा उरलेला तुकडा गाठा आणि दगडांच्या सांध्यांवरून नजर फिरवा. कुठेतरी एक वीतभर झाड डोकावत असतं. पानं अंगठ्याएवढी, बुंधा मात्र म्हाताऱ्याच्या मनगटासारखा गाठाळ. तोही वडच, नाहीतर पिंपळ, नाहीतर उंबर. हौदाकाठच्या त्या महाकाय वडाचा हा भाऊबंद. एकानं आभाळ झाकलं, दुसऱ्याला चिमणीलाही नीट सावली देता येत नाही.

मलिक अंबरनं 1610 च्या सुमारास हे शहर वसवलं, तेव्हा त्याचं नाव होतं खडकी. खडकाचं गाव. इथे भिंतीच बोन्साय घडवतात, आणि त्याला माळी लागत नाही. बुलबुल, मैना, हरियाल, नाहीतर रात्रीचं वटवाघूळ पिकलेलं फळ खातं आणि मोहरीहून बारीक बी भिंतीवर टाकून जातं. चुन्याच्या जुन्या दर्जेत पावसाची ओल धरलेली असते, तेवढ्यावर ते बी रुजतं. खाली माती नाही, पसरायला जागा नाही, मेमध्ये दगड तव्यासारखा तापतो. मरावं तर झाड मरतही नाही. ते आहे त्या हिशेबात संसार मांडतं.

मराठीत बोन्सायला वामनवृक्ष म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला त्याला नमस्कार, कारण वामनाची गोष्ट ठेंगूपणावर संपत नाही. वेरूळच्या 15 क्रमांकाच्या दशावतार लेण्यात त्रिविक्रम कोरलेला आहे, पाय थेट आभाळाकडे उचललेला. बटू दिसत होता तो मुळात एवढा होता. बोन्सायचंही तसंच. त्याच्या पेशींत ठेंगूपणा कुठेच लिहिलेला नसतो. बोन्सायच्या बीपासून बोन्साय उगवत नाही, पुरा वृक्ष उगवतो. थाळीतला चाळीस वर्षांचा पिंपळ मोकळ्या जमिनीत लावला, तर काही पावसाळ्यांत त्याचा त्रिविक्रम होऊ लागेल.

मग त्याला बटू ठेवतं कोण? बरेच जण म्हणतात, उपाशी ठेवून खुरटवतात. मला ते पटत नाही. खरंच उपाशी असलेलं झाड पिवळं पडतं, फांद्या सोडतं. चांगलं बोन्साय तुकतुकीत असतं, खत खातं, दर पावसाळ्यात नवी पालवी काढतं. खरी गोष्ट आहे मूळ आणि पान यांच्यातल्या हिशेबाची. जर्मनीतल्या यूलिश इथल्या संशोधकांनी 2012 साली कुंडीच्या आकारावर झालेले कित्येक प्रयोग एकत्र तपासले. कुंडी दुप्पट केली की रोपाचं वजन सरासरी 43 टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. त्यांनी कुंडीतल्या मुळांची चित्रंही घेतली, दवाखान्यात एमआरआय काढतात तशी. मुळं काही दिवसांतच कुंडीच्या कडेला जाऊन पोचलेली दिसली. खत-पाणी संपण्याच्या बरंच आधी झाडाला भिंत कळलेली असते, आणि ती खबर वर पानांपर्यंत जाते.

या सगळ्या कलेत परदेशात बरेच जण ज्याच्यावर हात बसवतात, असं एक झाड आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. प्रिव्हेट. नर्सरीत हे नाव घेतलं तर समोरचा माणूस ‘प्रायव्हेट’ ऐकतो आणि कसली कंपनी म्हणून विचारतो. शास्त्रीय नाव लिगुस्ट्रम. जाती पन्नासच्या आतबाहेर, बहुतेक आशियातल्या. इंग्लंडमधल्या घरांपुढचं कापून सपाट केलेलं हिरवं कुंपण बहुधा याचंच असतं. कारखान्यांच्या काजळीतही ते तगलं. कुंपण जुनं झालं की लोक ते उपटून टाकतात, आणि बोन्सायवाले त्यावर झडप घालतात. जमिनीलगत मांडीएवढा बुंधा आयताच मिळतो. तो फूटभर उंचीवर करवतीनं कापायचा. एकही पान शिल्लक नसलेला ओंडका. दोन महिन्यांत त्याच्या जुन्या, राठ सालीतून हिरवे कोंब ठिकठिकाणी फुटतात.

हा चमत्कार मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवा नाही. तो तुरीचा शेंडा खुडतो तेव्हा हेच करतो. शेंड्यात ऑक्झिन नावाचं द्रव्य तयार होऊन खोडातून खाली उतरत असतं, आणि ते येत राहतं तोवर खालचे डोळे झोपून राहतात. घरातला कर्ता जोवर बोलतोय तोवर धाकटे गप्प, तसं. शेंडा गेला की साखरेचा ओघ या डोळ्यांकडे वळतो आणि ते जागे होतात. तुरीत ते हिरव्या खोडावर घडतं. प्रिव्हेटचं नवल असं की वर्षानुवर्षं लाकडात गाडले गेलेले डोळेही हाक ऐकतात. आपले वड, पिंपळ, उंबर यात त्याच्या तोडीस तोड आहेत.

प्रिव्हेटची पानंही वरवर दिसतात तितकी गरीब नाहीत. ऑलिव्हला कडूपणा देणारं ओल्यूरोपीन प्रिव्हेटच्या पानात भरलेलं असतं. अळीनं पान चावलं की एक वितंचक त्याला गाठतं आणि त्यातून असं रसायन बनतं, जे पानातल्या प्रथिनांमधलं लायसिन निकामी करतं. अळीचं पोट भरतं पण अंगी काही लागत नाही. त्यावर काही अळ्यांनी उतारा काढला आहे. त्या आपल्या पाचक रसात ग्लायसिन सोडतात, म्हणजे मारेकऱ्यापुढे दुसरं सावज टाकतात. जपानी शास्त्रज्ञांनी हे उलगडलं. कुंपणाच्या पानात एवढं युद्ध चालू असतं!

आणि हे परकं झाड तुमच्या गच्चीत नातेवाइकांच्या रूपानं हजर आहे. प्रिव्हेटच्या कुळात ऑलिव्ह येतो, तसाच आपला मोगराही येतो. जाई, जुई, पारिजातक, सगळे त्याच घरातले. हिवाळ्यात आपण मोगरा निर्दयपणे छाटतो आणि उन्हाळ्यात तो फुलांनी लगडतो, तो या घराण्याचाच गुण. मोगऱ्याचं बोन्साय होतं. मात्र एक गंमत लक्षात ठेवा. छाटणीनं पानं लहान होत जातात, फुलं-फळं फारशी लहान होत नाहीत. हातभर झाडावर मोगऱ्याचं फूल जवळजवळ पूर्ण आकाराचंच येतं, आणि वीतभर उंबराला लागलंच तर अस्सल उंबर लागतं. बारशाच्या बाळाला आजोबांची पगडी घातल्यासारखं दिसतं ते. मला आवडतं.

थंड मुलखातलं प्रिव्हेट आपल्या मे महिन्यात, 40 अंशांच्या वर, उथळ थाळीत ठेवणं म्हणजे त्याचे हाल करणं. हौसच असेल तर करा, पण पहिलं झाड उंबराचं नाहीतर पिंपळाचं घ्या.

थाळीची एक गोष्ट मात्र आधी हातानं करून बघा, कारण ऐकून कुणाचा विश्वास बसत नाही. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं पूर्ण थांबू द्या. आता तोच स्पंज लांबीच्या बाजूनं उभा करा. पुन्हा धार लागते! स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची बदलली. कुंडीच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, आणि त्याची जाडी कुंडीच्या खोलीवर ठरत नाही, मातीच्या कणांवर ठरते. खोल कुंडीत तो तळाचा छोटा हिस्सा असतो. दोन बोटं खोल थाळीत तोच थर जवळजवळ सगळी माती व्यापतो. उथळ थाळी लवकर वाळते हे खरं, पण पाणी घातल्या घातल्या मुळं गुदमरण्याचा धोकाही तिच्यातच जास्त. म्हणून आपली काळी कसदार माती, जिच्यावर कापूस डोलतो, बोन्सायला विष आहे. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. जाडी वाळू, चाळलेला मुरूम, विटांचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे आणि थोडं कुजलेलं शेणखत, एवढं पुरतं. बारीक पूड चाळून फेकून द्यायची. पहिली चूक सगळ्यांची तिथेच होते. माझीही झाली, आणि एक छान उंबर गेलं.

पाण्याबद्दल या शहरात काय बोलावं! जायकवाडीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, त्या दिवशी घरात लगीनघाई असते आणि झाडांचा नंबर शेवटी लागतो. त्यात एक बरं आहे. ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जातं. बोअरचं पाणी जड असतं, थाळीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि कोवळी पानं पिवळी पडतात. पावसाचं पाणी धरून ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ, खालच्या भोकांतून वाहेपर्यंत पाणी द्या. दुपारचं ऊन हिरव्या जाळीखाली अडवा. तापलेल्या गच्चीवर थाळी टेकवू नका, ओल्या वाळूच्या परातीत विटेवर ठेवा. पानांपेक्षा मुळं आधी भाजतात.

मुळांची छाटणी मृगाच्या आसपास करावी. थाळीतून झाड काढलं की मुळांचा आखीव गठ्ठा निघतो. जाड मुळं फक्त टेकू देतात, पाणी पितात ती केसासारखी पांढरी. जाड कापली की कापल्या जागी बारकी फुटतात, म्हणून मुळं कापल्यानं झाड तरुण होतं. तिसरा हिस्सा काढावा, वर तेवढीच पानं कमी करावी, चीक थांबू द्यावा आणि दोन-तीन आठवडे सावलीत ठेवावं. फांदीला तार गुंडाळली असेल तर पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. वाकवलेल्या फांदीत नवं लाकूड भरतं आणि तेच वाक कायम धरून ठेवतं, पण वड-पिंपळ इतके भराभर जाड होतात की तार सालीत रुतते आणि तिचा वळ वर्षानुवर्षं जात नाही.

वर्षं म्हटलं की मला वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षउद्यानातला एक जपानी पाइन आठवतो. 1625 पासून तो थाळीत आहे. त्या वर्षी आपली खडकी वसवणारा मलिक अंबर हयात होता, तो वारला 1626 मध्ये. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबानं हे झाड पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. 6 ऑगस्ट 1945 ला बॉम्ब पडला तेव्हा ते स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर, अंगणातल्या भिंतीच्या आड होतं. ते वाचलं. 1976 मध्ये यामाकींनी ते अमेरिकेला भेट दिलं आणि बॉम्बबद्दल काही बोलले नाहीत. 2001 मध्ये त्यांचे नातू बघायला गेले, तेव्हा उद्यानाला हे कळलं.

आपल्या घराच्या कठड्याला, पाण्याच्या टाकीच्या ओट्याला, सांडपाण्याच्या पाइपाजवळ आत्ता एखादं रोप नक्की उगवलेलं असेल. पिंपळ तोडायचा नाही म्हणून कुणी हात लावत नाही, आणि मुळं भिंत फोडत राहतात. घरात पिंपळ ठेवू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी उंबर शोधावं. दरवाज्यांच्या आणि लेण्यांच्या दगडांना मात्र हात लावू नका, त्या जपायच्या वास्तू आहेत, तिथलं काम जाणकारांचं. घरचं रोप मृगाचे दोन पाऊस होऊ द्या, मग भिंतीच्या फटीत ओलं फडकं दाबून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी हळूच ओढून बघा. निम्मं मूळ तुटलं तरी चालेल, उंबर तेवढ्यावर जगतं.